सेंटाचा खेळ, लाखांचे यंत्र

१९५९ सालच्या दिवाळीत वडिलांनी पुण्याच्या तुळशीबागेतून आम्हां भावंडांसाठी एक बॅगाटेल आणले. ज्यांच्या लहानपणी ते घरात होते त्यांना वर्णन सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. हातभर लांबीची, वरच्या अंगाला गोलसर असलेली लाकडी फळी. तिच्यावर खिळ्यांची लहानमोठी कोंडाळी. प्रत्येक कोंडाळ्यात शंभर, पाचशे, हजार असे आकडे. आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर धावे, वळण घेई आणि खिळ्यांवर टणटण आपटत खाली घरंगळे. किंमत चार रुपये. ही किंमत आईच्या तोंडून वर्षभर ऐकावी लागली, म्हणून ती पक्की ध्यानात राहिली आहे.

या फळीच्या श्रीमंत नातलगाची आणि माझी गाठ पडली ती तब्बल चौसष्ट वर्षांनी, २०२३ साली. शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आमचा भाचा राहतो. बहिणीच्या पश्चात त्याने आग्रहाने मला चार महिन्यांसाठी बोलावून घेतले. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला तळघरात घेऊन गेला आणि त्याने एक खटका दाबला. अंधारात एकदम तीन यंत्रे उजळली. जणू तीन जत्रा एकाच खोलीत भरल्या होत्या!

“मामा, तुमच्या बॅगाटेलची ही पणतवंडे,” तो म्हणाला. “यांना पिनबॉल म्हणतात.”

साडेचार फूट लांब, सव्वादोन फूट रुंद अशी चार पायांची पेटी; डोक्याशी पुरुषभर उंचीचा, चित्रांनी आणि दिव्यांनी नटलेला फलक; पेटीवर काच; काचेखाली खेळणाऱ्याकडे जरासा उतरता पट. आठ तोळ्यांच्या आसपास वजनाची पोलादी गोळी दांड्याने वर उडवावयाची, आणि ती खाली आली की पेटीच्या दोन्ही कुशींवरची बटणे दाबून बोटाएवढ्या दोन वल्ह्यांनी तिला पुन्हा वर मारावयाचे. या वल्ह्यांना फ्लिपर म्हणतात. गोळी दोन फ्लिपरांमधून निसटली की संपले. माझी पहिली गोळी अकरा सेकंदांत निसटली.

मग मी किंमत विचारली. परदेशी गेलेला मराठी माणूस तिसरा प्रश्न हाच विचारतो. नवे कोरे, साध्यातले साधे यंत्र सात हजार डॉलरला. त्याच्यावरचे साडेनऊ हजारांच्या पुढे. आणि मोजकीच काढलेली, क्रमांक घातलेली आवृत्ती तेरा हजारांना. मी मनात रुपये केले आणि जवळच्या खुर्चीवर बसलो. साध्या यंत्राचे जवळजवळ सहा लाख होत होते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे आकडा ऐकला की ‘हा इथवर आला कसा’ असे विचारण्याची मला खोड आहे. पुढचे काही आठवडे गावच्या वाचनालयात आणि भाच्याच्या तळघरात मी त्याच प्रश्नामागे घालवले.

गंमत अशी की या खेळाचा आरंभच मुळी उधळपट्टीतून झाला. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा सरदार, याने १७७७ साली आपली भावजय राणी मारी आंत्वानेत हिच्याशी पैज मारून पॅरिसजवळच्या वनात चौसष्ट दिवसांत एक विलासगृह उभारले. त्याचे नाव बगातेल, म्हणजे क्षुल्लक वस्तू. या क्षुल्लक वस्तूने खजिन्याला केवढे भगदाड पाडले ते फ्रेंच इतिहासकार सांगतीलच. तिथल्या मेजवानीत पाहुण्यांनी खिळे मारलेल्या उतरत्या टेबलावर काठीने चेंडू ढकलण्याचा खेळ खेळला आणि वाड्याचे नाव खेळाला चिकटले, असे सांगतात. पुढे १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरी माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या इंग्रज कारागिराने काठी काढून टाकली, तिच्या जागी स्प्रिंगचा दांडा बसवला आणि त्याचे पेटंट घेतले. आमच्या तुळशीबागेच्या फळीवरचा दांडा तो हाच.

राजवाड्यातून निघालेला हा खेळ खरा वाढला मात्र उपासमारीत. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि त्यामागोमाग कोट्यवधी लोक बेकार झाले. अशा दिवसांत, १९३१ साली, शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ नावाचे एक टेबलावर ठेवण्याजोगे यंत्र काढले. किंमत साडेसतरा डॉलर. त्यात एक सेंट टाकला की पाच ते सात गोळ्या मिळत. खिशात दिवसाचे दोनचार सेंट असलेल्या माणसाला नाटकसिनेमा परवडत नव्हता; पण एका सेंटात पाच मिनिटे विसर पडत होता. औषधांच्या दुकानात, खानावळीत, न्हाव्याकडे, जिथे म्हणून लोक उभे राहत तिथे ही पेटी जाऊन बसली. दुकानदाराला यंत्राची किंमत थोड्याच दिवसांत वसूल होई. गॉटलिबचा कारखाना मागणी पुरी करू शकेना. पन्नास हजारांवर यंत्रे खपली. रेमंड मोलोनी हा त्याचा माल विकणारा अडत्या. त्याला हवी तितकी यंत्रे मिळेनात, तेव्हा त्याने वैतागून स्वतःचेच ‘बॅलीहू’ नावाचे यंत्र काढले. तेही तसेच खपले आणि त्याच्या नावावरून त्याच्या कंपनीचे नाव बॅली पडले. मंदीत धंदा बुडतो असे आपण म्हणतो; शिकागोत मंदीवरच एक धंदा उभा राहिला.

ते साडेसतरा डॉलर आजच्या हिशोबाने साडेतीनशेच्या आसपास होतात. म्हणजे पैशाची घसरण जमेस धरूनही आजचे साधे यंत्र वीसपट महाग आहे. अर्थात ही तुलना अगदी न्याय्य नव्हे. बॅफल बॉल म्हणजे खिळे, स्प्रिंग आणि लाकूड. आजच्या यंत्रात साडेतीन हजारांच्या आसपास सुटे भाग आणि अर्धा मैल तार असते. पण ही भर एकदम पडलेली नाही, आणि ती कशी पडत गेली हे पाहणे मोठे मौजेचे आहे.

१९३३ साली हॅरी विल्यम्सने यंत्रात वीज आणली. त्याची गोळी खाचेत पडली की बॅटरीच्या जोरावर पुन्हा बाहेर फेकली जाई. याच विल्यम्सला लोक पेटीला धक्के मारून, खालून उचलून गोळी वळवतात याचा राग येई. त्याने पेटीत एक लंबक टांगला. पेटी फार हलली की लंबक कड्याला टेकतो, वीज तुटते आणि खेळ बंद पडतो. याला टिल्ट म्हणतात. आमच्या घरी आत्या पदराआडून फळीखाली हळूच बोट घालीत असे. ती सदैव जिंकत असे. विल्यम्स आमच्या घरी येता तर बरे झाले असते.

फ्लिपर आले ते १९४७ साली, गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात. हॅरी मॅब्सने त्यात एकदम सहा फ्लिपर बसवले. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या कारखान्यातल्या स्टीव्ह कॉर्डेकने सहांचे दोन केले आणि ते पटाच्या तळाशी ठेवले. यामागे कलेपेक्षा काटकसर होती. दोनांत भागते तर सहांचा खर्च कशाला, असा त्याचा सरळ हिशोब. आज जगातले बहुतेक पिनबॉल त्या काटकसरीच्या आराखड्यावर चालतात. हा कॉर्डेक शंभर वर्षे जगला, २०१२ साली गेला.

परंतु फ्लिपर येण्याआधीच सरकारने या खेळाला जुगार ठरवले होते, आणि खोटे कशाला बोला, तो थोडासा होताही. पुष्कळ ठिकाणी जिंकणाऱ्याला रोख बक्षीस मिळे. न्यूयॉर्कचा महापौर फिओरेलो ला गार्दिया याचा असा ग्रह होता की ही यंत्रे शाळकरी मुलांच्या खिशातले पैसे चोरतात. जानेवारी १९४२ मध्ये त्याने शहरभर छापे घालविले. महापौर स्वतः घण घेऊन यंत्रे फोडीत असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकली. लाकडी पायांचे पोलिसांसाठी दंडुके केले म्हणतात. ही बंदी न्यूयॉर्कात चौतीस वर्षे टिकली. फार काय, जिथे ही यंत्रे बनत त्या शिकागो शहरातही ती खेळण्यास सत्तरीच्या दशकापर्यंत बंदी होती. गूळ गाळणाऱ्या गावात गूळ खाण्यास मनाई, तसा प्रकार.

ती बंदी उठली त्याची हकिकत मला भाच्याने जेवताना सांगितली आणि माझा घास हातातच राहिला. एप्रिल १९७६. न्यूयॉर्कच्या नगरसभेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाचा तरुण पत्रकार साक्षीला उभा. पिनबॉल हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे त्याने सिद्ध करावयाचे होते. दोन यंत्रे आणली होती. एक खेळण्यासाठी, दुसरे ते बिघडल्यास. एका सभासदाला संशय आला की पहिल्यात काही कारागिरी केली असेल. त्याने दुसऱ्यावर खेळावयास फर्माविले. शार्प नेमका त्या यंत्रावर सराव केलेला नव्हता. तरी तो खेळला. पण सभासदांच्या कपाळावरची आठी हलेना. तेव्हा त्याने दांडा हातात धरला आणि सांगितले की ही गोळी मी वरच्या मधल्या वाटेतून पाडतो. दांडा सोडला. गोळी वर गेली, डगमगली आणि मधल्या वाटेतूनच खाली आली. बंदी उठवण्याचा निर्णय झाला. पुढे शार्पने स्वतःच कबूल केले की त्या शेवटच्या गोळीत नशिबाचाही हात होता! कौशल्याचा पुरावा म्हणून नशिबाने साक्ष दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

इतक्या खटपटीने मिळालेले स्वातंत्र्य लाभले मात्र थोडेच दिवस. १९७८ साली जपानातून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आले, १९८० साली ‘पॅकमॅन’ आला. पडद्यावरच्या या खेळांत गोळी अडकत नाही, रबर तुटत नाही, दिवा जळत नाही. दुकानदाराने पिनबॉल हलवले आणि तिथे पडदा ठेवला. जुनी यंत्रे मातीमोल झाली. गॅरेजात, गुदामात पडली. पुष्कळ मोडीत गेली. ज्यांनी त्या काळात शेदोनशे डॉलरला एखादे घरी नेले त्यांना शेजारी हसले असतील. घरात पिनबॉल ठेवण्याची हौस वाढली ती या पडत्या काळात, स्वस्ताईमुळे.

एकदा पुन्हा दिवा मोठा झाला. १९९२ साली ‘द ॲडम्स फॅमिली’ नावाचे यंत्र निघाले. विचित्र घराण्याच्या विनोदी चित्रपटावर ते बेतलेले होते. रचनाकार पॅट लॉलर. त्यात एका पेटीतून एक तुटका हात बाहेर येतो आणि गोळी उचलून आत नेतो. याच्या २०,२७० प्रती खपल्या. या काळातल्या कुठल्याच यंत्राला तो आकडा गाठता आला नाही. पण पुढे वर्षागणिक खप घसरत गेला. १९९७ सालचे ‘मेडीव्हल मॅडनेस’ जाणकार आजही उत्तमांत गणतात. ते अवघे चार हजारांच्या आसपास निघाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने हा विभागच बंद केला. जुगाराच्या यंत्रांत तिला जास्त नफा होता. ज्या खेळाने जुगार नसल्याची शपथ घेऊन सुटका करून घेतली, त्याला शेवटी जुगारानेच घराबाहेर काढले.

त्यानंतर दहाबारा वर्षे जगात नावाजण्यासारखा एकच कारखाना उरला, गॅरी स्टर्न यांचा, तोही शिकागोजवळचाच. महागाईची खरी कहाणी इथून सुरू होते. पूर्वी यंत्राचे गिऱ्हाईक दुकानदार होता, आणि तो एकाच प्रश्नाने किंमत ठरवी: हे यंत्र किती दिवसांत आपले पैसे फेडील? त्या प्रश्नाने किमतीला लगाम होता. आता मोठे गिऱ्हाईक झाला घरचा हौशी माणूस, आणि हौस काही फेडत नाही. ज्या पोरांनी १९७० किंवा १९८० साली क्वार्टर, म्हणजे त्यांची पावली, जपून जपून खेळ खेळले ती आता पन्नाशीसाठीची झाली होती, घरे बांधून होती, मुले मार्गी लागली होती. त्यांना यंत्र हवे होते की ते यंत्र खेळणारे आपले पंधरावे वर्ष हवे होते, हे त्यांनाच ठाऊक. कारखानदारांनी हे नेमके ओळखले. प्रसिद्ध चित्रपटांची, वाद्यवृंदांची नावे परवाना घेऊन लावली; त्या परवान्याचा पैसा किमतीत आला. एकाच यंत्राच्या साध्या, मधल्या आणि क्रमांकित अशा तीन आवृत्त्या निघू लागल्या. २०११ साली न्यू जर्सीत जर्सी जॅक नावाचा नवा कारखाना उभा राहिला, तो तर महाग आणि नटवे यंत्र करण्याच्या इराद्यानेच. मग २०२० साल उजाडले. महासाथीने सारे घरात कोंडले गेले, खेळाची दुकाने बंद, सहलींचे पैसे शिल्लक. नव्यांना रांगा लागल्या आणि जुन्यांचे भाव त्यांच्यामागून धावू लागले.

भाच्याच्या तळघरातले सर्वांत जुने यंत्र तेच ‘ॲडम्स’. तो १९९२ साली शिकावयास गेला तेव्हा त्याच्या खोलीजवळच्या कपडे धुण्याच्या दुकानात ते नवेच आले होते. शनिवारी कपडे यंत्रात टाकावयाचे आणि उरलेल्या क्वार्टरांवर खेळावयाचे. तिथला एक रिवाज त्याने मला सांगितला. पुढचा डाव आपला आहे हे सांगावयाचे असले की आपला क्वार्टर काचेच्या कडेला ठेवावयाचा. कधी पाचपाच नाणी ओळीने असत, आणि कुणीही दुसऱ्याच्या नाण्याला हात लावीत नसे. या देशात मित्र मिळाले ते त्या काचेपाशी, असे तो म्हणाला. २००१ साली त्याने तसलेच यंत्र अडीच हजार डॉलरला घेतले. लग्न नुकतेच झालेले. भाचेसुनेने आठ दिवस अबोला धरला होता.

विकत घेणे हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता. पेटीचे वजन सव्वाशे किलोच्या घरात. जिन्यावरून उतरवावयास चार गडी. रबरी कडी ठरावीक काळाने बदलावी लागतात, पट मेण लावून पुसावा लागतो. आतल्या इलेक्ट्रॉनिक फळीवर बॅटऱ्या असतात. त्या गळल्या की सारी फळी खाऊन टाकतात. घरी येऊन दुरुस्ती करणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही पिकल्या केसांचे. भाचा बहुतेक कामे स्वतः करी. रविवारी तो पट उचलून आत डोके घालून बसलेला दिसे, तेव्हा मला आमच्या आळीतल्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या बुवांची आठवण येई.

पण एक गोष्ट मला खटके. यंत्रे तीन आणि खेळणारा एक. घरात नाणे टाकावे लागत नाही. बटण दाबले की खेळ सुरू. काचेच्या कडेला काही नसे. नात कॉलेजात जाण्याच्या वयाची. तिला त्या यंत्रांचे कौतुक नव्हते. त्या दिवाळीत भाच्याने मराठी मंडळींना फराळाला बोलावले आणि मी गंमत म्हणून त्याला सुचवले, नाण्याची फट पुन्हा चालू कर. त्याने वाटीभर क्वार्टर काढून मुलांना चार-चार वाटले. अर्ध्या तासात काचेवर नाण्यांची रांग लागली. ‘हा माझा आहे, त्या निळ्या झब्ब्यावाल्याच्या नंतर!’ नातही उभी होती, तिसऱ्या क्रमांकावर.

हे सांगितले म्हणजे पुढचे सोपे झाले असे नव्हे. कॉलेजची फी डोळे पांढरे करणारी होती. भाचेसून एका रात्री मला म्हणाली, “मामा, मी विका म्हणत नाही. पण अडीच हजारांची वस्तू आज दहा हजारांची झाली आहे, आणि ती तळघरात उभी आहे. तुम्हीच सांगा.” मी काय सांगणार? नवी दोन यंत्रे विकावी असे मला वाटत होते. पण त्यांच्यावर कर्ज होते, हे मला तेव्हाच कळले. चार दिवसांनी भाचा आपणहूनच म्हणाला, जुनेच जाईल. एका गृहस्थाने साडेदहा हजार देऊ केले. त्याच्या घरी आधीच नऊ यंत्रे होती.

डिसेंबरात चार गडी आले. पाय सोडवले, फलक दुमडला, पेटी जिन्यावर उभी केली. तेवढ्यात आतून काहीतरी खणखणत घसरले आणि पायरीवर पडले. एक क्वार्टर. भाच्याच्या हाती येण्यापूर्वी कधी कुणी टाकलेला, वाट चुकून तळाशी अडकलेला, बावीस वर्षे तिथेच असलेला. भाच्याने तो उचलला, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मुठीत धरला आणि मग माझ्या हातात दिला.

साताऱ्यास परतल्यावर माळा काढला. बॅगाटेल होते, स्प्रिंग गंजलेली, दोन खिळे गेलेले, गोळी एकही नाही. फळी काखेत मारून मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो आणि छर्रे मागितले. त्याने विचारले, “किती एमेमचे, काका?” मला ते कुठले ठाऊक! त्याने फळी स्टुलावर ठेवली, डब्यातला एकेक छर्रा लावून पाहिला, स्प्रिंगला तेल सोडले. एक छर्रा नीट बसला, तसा त्याने दांडा ओढून सोडला. टणटण करीत तो पाचशेच्या कोंडाळ्यात गेला. पंक्चर काढावयास आलेला एक गृहस्थ सायकल भिंतीला टेकवून जवळ आला.

“याच्यानंतर मी,” तो म्हणाला.